पायडल त्याचे, पैसा कुणाचा?

सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत अधूनमधून एक सायकलवाला यायचा. बाजारतळावर किंवा शाळेच्या पटांगणात बांबू रोवून, दोरी बांधून गोल आखला जायचा. मधल्या खांबावर कर्णा लागायचा आणि हा गडी सात दिवस, सात रात्री जमिनीला पाय लावणार नाही, अशी दवंडी व्हायची. अंघोळ सायकलवर, जेवण सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवरच. संध्याकाळी गर्दी जमली की हँडल सोडून सीटवर उभे राहणे, दातांत बादली धरून फेरी मारणे, अंगावर ट्यूबलाइट फोडून घेणे असे खेळ चालत. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचत. शेवटच्या दिवशी सरपंचाच्या हस्ते हार-नारळ व्हायचा आणि गडी पुढच्या गावाला निघायचा. त्याला कुणी खेळाडू म्हटले नाही. माझ्या मते मात्र आपल्याकडे झालेला तोच खराखुरा व्यावसायिक सायकलपटू. सायकलवरच त्याचे पोट होते आणि त्या पोटाला घालणारा माणूस दोरीपलीकडे उभा होता.

या गड्याचे भाऊबंद युरोप-अमेरिकेतही होते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९०च्या दशकात सहा दिवसांच्या शर्यती भरत. एकेकटा माणूस झोप मारून, भ्रम होईपर्यंत लाकडी ट्रॅकवर फिरत राही आणि तिकीट काढून आलेले लोक त्याचे ते हाल बघत बसत. पुढे कायद्याने एका माणसाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. आयोजकांनी त्यातूनही पळवाट काढली: दोघांची जोडी करायची, एक दमला की दुसरा. मॅडिसन नावाची शर्यत जन्मली ती अशी, आणि आज ती ऑलिंपिकमध्ये आहे. जोडीतला एक जण वेगात असतो, दुसरा ट्रॅकच्या वरच्या कडेला संथ फिरत श्वास घेत असतो. पाळी बदलताना वेगातला खाली उतरलेल्या जोडीदाराचा हात धरतो आणि स्वतःचा सगळा वेग हिसक्यासरशी त्याच्या हातात सोडून देतो. ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतात, गिअर एकच, आणि चाक फिरते तोवर पायडलही फिरतेच; पाय थांबवायची सोयच नाही. अशा डझन-दीड डझन जोड्या एकाच वेळी हात धरत-सोडत असतात. हे एकदा बघितले की सर्कशीचा आणि खेळाचा संबंध किती जुना आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

बेल्जियममधल्या गेंट शहरात अशी शर्यत अजून भरते. तिथला ट्रॅक जेमतेम १६६ मीटरचा, वाटीसारखा खोल. मधल्या मोकळ्या जागेत बिअर पीत उभे राहिलेले प्रेक्षक. याच शहरात २८ एप्रिल १९८० रोजी ब्रॅडली विगिन्स जन्मला. बाप गॅरी विगिन्स ऑस्ट्रेलियन, सहा दिवसांच्या शर्यतींवर पोट भरणारा. पोर दोन वर्षांचे असताना बापाने घर सोडले आणि आई त्याला घेऊन लंडनच्या किलबर्न भागात माहेरी आली. २००८ मध्ये बाप ऑस्ट्रेलियात वारला. मुलगा ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णांसह आठ पदके जिंकला, टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला ब्रिटिश झाला, तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम त्याने केला, ‘सर’ झाला, आणि २०२४ मध्ये दिवाळखोर म्हणून जाहीर झाला.

ही गोष्ट सांगायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत. एक, बाप टाकून गेलेल्या पोराची जिद्द. दुसरी, यश डोक्यात गेलेल्या माणसाची घसरण. मला दोन्ही आळशी वाटतात. विगिन्सच्या कारकिर्दीत प्रत्येक वळणावर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की या वेळी पैसा कोण देत होता? सायकलपटूला तीन धनी असू शकतात: तिकीट काढणारा प्रेक्षक, पदक हवे असलेले सरकार आणि जाहिरात हवी असलेली कंपनी. धनी बदलला की शर्यत बदलते, शर्यत बदलली की शरीर बदलावे लागते. आपण ज्याला खेळाडूची निवड म्हणतो, तिच्यातला मोठा भाग या बदलण्यात संपतो.

पहिला धनी विगिन्सच्या वाट्याला फारसा आलाच नाही. तो मोठा होईपर्यंत सहा दिवसांच्या शर्यतींची जत्रा बरीच उठली होती. त्याच्या नशिबी दुसरा धनी होता, आणि तोही नुकताच धंद्यात उतरलेला.

१९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमन नावाच्या ब्रिटिश माणसाने लोटस कंपनीने बनवलेल्या कार्बनच्या काळ्या सायकलवर चार किलोमीटरच्या वैयक्तिक परस्यूटमध्ये सुवर्ण जिंकले. आईने हाक मारून बारा वर्षांच्या ब्रॅडलीला टीव्हीसमोर बसवले, आणि पोरगा दक्षिण लंडनमधल्या हर्न हिलच्या जुन्या उघड्या ट्रॅकवर जायला लागला. गोष्ट इथेच थांबवली तर ती प्रेरणेची होते. पण असे प्रेरित झालेले पोरगे प्रत्येक देशात असते. ब्रिटनमध्ये त्यानंतर जे झाले ते कोरड्या हिशेबाचे होते. १९९४ मध्ये मँचेस्टरला बंदिस्त वेलोड्रोम, म्हणजे छपराखालचा सायकल-ट्रॅक, उघडला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अख्ख्या ब्रिटनला एकच सुवर्ण मिळाले आणि देशाची लाज गेली. १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीतला पैसा थेट खेळाडूंच्या तयारीत ओतायला सुरुवात झाली. सायकलवाल्यांचा आराखडा पीटर कीन या प्रशिक्षकाने मांडला, आणि त्याने जाणूनबुजून ट्रॅक निवडला.

ट्रॅकच का? कारण ट्रॅकवर वारा नाही, पाऊस नाही, पंक्चरची भीती कमी, आणि समोरच्या गटाचे राजकारण नाही. २५० मीटरचे लाकूड, ठरलेले अंतर, हजाराव्या भागापर्यंत मोजता येणारा सेकंद. इतके वॅट, इतका हवेचा अडथळा, म्हणजे इतका वेळ. आणि इतका वेळ म्हणजे बहुधा इतकी पदके. सरकारी पैशाला असाच खेळ आवडतो. वर्षाअखेरीस फाईलवर आकडा लिहिता येतो. लॉटरीचे तिकीट काढणाऱ्या गरिबाच्या पैशातून हे सगळे उभे राहिले, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

विगिन्स हा त्या यंत्रणेचा नमुनेदार माल होता. १९९८ मध्ये कनिष्ठ गटाचा जगज्जेता, २००० मध्ये सिडनीला सांघिक परस्यूटमध्ये कांस्य, २००३ मध्ये जगज्जेता आणि २००४ मध्ये अथेन्सला एकाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, रौप्य आणि कांस्य. वैयक्तिक परस्यूट ही सायकलिंगमधली सगळ्यात निर्दय शर्यत असावी. दोघे जण ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे. मागचे चाक यंत्राच्या जबड्यात. आकडे उलटे मोजले जातात, जबडा सुटतो, आणि एकच मोठा गिअर उभ्या उभ्या, हँडल ओढत, सगळ्या अंगाने ढकलावा लागतो. पहिल्या फेरीला वेग पकडायचा, दुसऱ्या फेरीला कोपरांवर झोपायचे, आणि मग खरी परीक्षा: पाय ताजे असताना हात राखायचा. पहिल्या किलोमीटरला जो अर्धा सेकंद लुटतो, तो शेवटच्या किलोमीटरला दोन-तीन सेकंद भरतो. प्रतिस्पर्धी दिसत नाही, तो अर्धा ट्रॅक पुढेही आहे आणि अर्धा ट्रॅक मागेही. कडेला उभा असलेला प्रशिक्षक रेषेच्या अलीकडे-पलीकडे चालत राहतो, तेवढीच खूण. सव्वाचार मिनिटांत सगळे संपते. अथेन्सच्या अंतिम फेरीत विगिन्सने असा हात राखून ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडली मॅगीला हरवले.

आणि मग? चोवीस वर्षांचा ऑलिंपिक विजेता, तीन पदके गळ्यात आणि पोटाला सरकारी अनुदान. त्यानंतरचे काही महिने आपण दारूच्या नादात घालवले, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. चार वर्षांनी बीजिंगला आणखी दोन सुवर्णे आली. ट्रॅकवरच्या दहापैकी सात सुवर्णे ब्रिटनने उचलली आणि जगभर त्या यंत्रणेची वाहवा झाली. पण डिसेंबर २००९ मध्ये, पुरुष-स्त्रियांच्या शर्यतींची संख्या समान करताना, वैयक्तिक परस्यूट ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. समानतेचा हेतू योग्यच होता. पण ज्या शर्यतीत दोनदा सुवर्ण मिळवले ती एका बैठकीत सरकारच्या लेखी शून्य किमतीची झाली. आजचा इटलीचा फिलिप्पो गान्ना बघा. वैयक्तिक परस्यूटचा सहा वेळा जगज्जेता. पण त्याचे ऑलिंपिक सुवर्ण सांघिक शर्यतीतले आहे, कारण एकट्याची शर्यत तिथे उरलेलीच नाही. सरकार हा धनी प्रामाणिक असेल, पण तो सायकलिंगचा धनी नसतो, पदकाचा असतो. रिओ ऑलिंपिकनंतरचे ब्रिटिश बॅडमिंटनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे कांस्य मिळाले, तरी निधी बंद झाला. आकडा पुढच्या खेपेला वाढेल अशी खात्री वाटली नाही, एवढेच.

तिसरा धनी रस्त्यावर भेटतो. रस्त्याच्या शर्यतीला दार नाही, म्हणून तिकीट नाही. जुलैत फ्रान्सच्या रस्त्यांवर लाखोंनी लोक उभे राहतात आणि त्यांच्याकडून संघांना एक पैसा मिळत नाही. प्रक्षेपणाचा पैसा प्रामुख्याने आयोजकाकडे जातो. संघ जगतो तो जर्सीवरच्या नावावर. क्रिकेटच्या संघाला मुंबई-चेन्नईचे नाव असते. सायकलच्या संघाला बँकेचे, लॉटरीचे, फरशीच्या कंपनीचे असते, आणि कंपनीच्या संचालक मंडळाने मान फिरवली की संघ जातो. विगिन्सचा पहिला व्यावसायिक संघ होता लिंडा मॅकार्टनी, शाकाहारी तयार पदार्थांच्या नावाचा. २००१ च्या जानेवारीत, हंगामाच्या सुरुवातीलाच तो संघ बुडाला. पुढे फ्रान्सेझ दे जू, म्हणजे फ्रान्सची लॉटरी. मग क्रेदी अॅग्रिकोल, म्हणजे शेतकी बँक. मग कोफिदिस, म्हणजे टेलिफोनवर कर्ज देणारी कंपनी. २००७ च्या टूरमध्ये कोफिदिसचा एक जण उत्तेजक चाचणीत सापडला आणि सगळा संघ घरी निघाला. पो शहराच्या विमानतळावर विगिन्सने संघाचे कपडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्याचा स्वतःचा दोष काही नव्हता. पण रस्त्यावर नाव एकट्याचे बुडत नाही.

आता रस्त्यावरच्या श्रमाकडे बघू, कारण आपल्याकडे हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. सायकलवाल्याचा खरा शत्रू हवा. सपाटीवर दुसऱ्याच्या चाकामागे बसले की श्रम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाचतात, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहून जास्त. म्हणून संघाचे सहा-सात जण एका माणसासाठी हवा फोडत राहतात. गाडीपर्यंत मागे जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून आणणारा, नायकाचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून देणारा, घाटाच्या पायथ्यापर्यंत तासन् तास पुढे राहून पायथ्याशी संपून जाणारा, असे गडी प्रत्येक संघात असतात. निकालात त्यांचे नाव शंभराच्या पलीकडे असते. विजेत्याने बक्षिसाची रक्कम स्वतः न ठेवता साथीदारांत आणि मेकॅनिक-मालीशवाल्यांत वाटायची ही या धंद्यातली रीत आहे. टूरच्या विजेत्याचे पाच लाख युरो असे वाटले जातात. आणि या गड्यांना पगार असतो. दरमहा पगार, करार, विमा. माझा मुद्दा पुढे याच पगारावर येणार आहे, म्हणून एवढे सांगून ठेवतो.

२००९ पासून विगिन्स पूर्ण रस्त्याचा झाला. उंची एक मीटर नव्वद, ट्रॅकवर घडलेल्या मांड्या. घाटात गुरुत्वाकर्षण किलोगणिक वसुली करते, म्हणून त्याने वजन उतरवले. टूरच्या दिवसांत ते सत्तरच्या आसपास होते. त्या वर्षी तो टूरमध्ये चौथा आला, आणि उत्तेजकांपायी लान्स आर्मस्ट्राँगचे नाव निकालातून पुसले गेल्यावर तिसरा ठरला. २०१० मध्ये स्काय ही टीव्ही कंपनी विगिन्सच्या नव्या संघाची धनी म्हणून आली आणि पाच वर्षांत ब्रिटिश टूर-विजेता असे जाहीर करून मोकळी झाली. इथे दोन धनी एकत्र आले: लॉटरीच्या पैशावर तयार झालेले प्रशिक्षक आणि आकड्यांची सवय, त्यावर कंपनीचा पैसा. पोहण्याच्या क्षेत्रातून आलेल्या टिम केरिसन या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाने तेनेरिफ बेटावरच्या तेइदे ज्वालामुखीवर शिबिरे लावली आणि घाट हा प्रकार लांबवलेल्या परस्यूटसारखा चढायला शिकवला: ठरलेली शक्ती, ठरलेला वेळ, कुणी पळाले तरी मागे धावायचे नाही, तो आपोआप परत येतो.

२०१२ ची टूर या पद्धतीला मानवणारी निघाली. सुरुवातीची छोटी फेरी धरली तर घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यती शंभर किलोमीटरच्या घरात होत्या. बझांसाँ आणि शार्त्र या दोन्ही लांब टाइम ट्रायल विगिन्सने जिंकल्या. घाटात त्याला साथ द्यायला क्रिस फ्रूम होता, आणि ला तुस्वीरच्या चढावर तो विगिन्सला मागे टाकून पुढे गेला तेव्हा संघाने त्याला थांबवले. फ्रूम जास्त जोरात चढत होता, हे साऱ्या जगाने पाहिले. तो थांबला, कारण पगार त्याचसाठी होता. शेवटी तो ३ मिनिटे २१ सेकंदांनी दुसरा आला. २२ जुलैला पॅरिसमध्ये शाँझेलिझेच्या शेवटच्या फेरीला आघाडीची पिवळी जर्सी घातलेला विगिन्स स्वतः पुढे येऊन हवा फोडत होता, मागे बसलेल्या संघसहकारी मार्क कॅव्हेंडिशला शेवटच्या झेपेसाठी वेग द्यायला. कॅव्हेंडिश जिंकला. मालकाने गड्याचे काम करावे, असा तो प्रकार होता, आणि माझ्या लेखी विगिन्सचा तो सगळ्यात उंच क्षण. दहा दिवसांनी लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने रस्त्यावरच्या टाइम ट्रायलचे सुवर्णही घेतले.

२०१६ मध्ये रशियन हॅकरांनी खेळाडूंचे वैद्यकीय कागद फोडले. त्यात विगिन्सला २०११, २०१२ आणि २०१३ च्या महत्त्वाच्या शर्यतींआधी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनची वैद्यकीय परवानगी मिळाल्याचे दिसले. परवानगी नियमात होती. परागकणांच्या अॅलर्जीवर आणि दम्यावर ते उपचार होते, असे त्याचे म्हणणे. ब्रिटिश संसदेच्या समितीने मार्च २०१८ मध्ये म्हटले की नियम मोडला नसला तरी नैतिकतेची रेषा ओलांडली गेली. त्याने हे ठामपणे नाकारले. उत्तेजकविरोधी यंत्रणेने आपली चौकशी त्याआधीच कुणावर ठपका न ठेवता मिटवली होती. कुणाच्या मनात काय होते याचा निवाडा इथे बसून करता येणार नाही. पण ज्या शर्यतीत शक्ती तीच ठेवून वजन उतरवणे यावर सगळे अवलंबून आहे आणि ज्या संघाचा प्रायोजक मुदत देऊन बसला आहे, तिथे माणसे नियमाच्या काठाकाठाने चालणारच. काठ कुठे आहे हे सांगायला डॉक्टर असतो, आणि त्या डॉक्टरचा पगारही संघच देतो.

नंतरची वर्षे मला जास्त रंजक वाटतात. फ्रूम संघाचा नायक झाला, २०१४ च्या टूरच्या संघात विगिन्सला जागाच मिळाली नाही. मग तो मागे वळला. ७ जून २०१५ रोजी लंडनच्या वेलोड्रोममध्ये त्याने एका तासात ५४.५२६ किलोमीटर कापले. सांघिक परस्यूटसाठी वजन ऐंशीच्या वर नेले आणि पुढच्या वर्षी रिओत इतर तिघांबरोबर ३ मिनिटे ५०.२६५ सेकंदांचा विश्वविक्रम करून पाचवे सुवर्ण मिळवले. ऑस्ट्रेलियाला पाऊण सेकंदाहून कमी फरकाने मागे टाकले. त्याच नोव्हेंबरमध्ये कॅव्हेंडिशबरोबर गेंटची सहा दिवसांची शर्यत जिंकली आणि निवृत्त झाला. एकाच शरीराने ऐंशी किलो, सत्तर किलो, पुन्हा ऐंशी किलो असा प्रवास केला आणि दर वेळी तो वेगळ्या वहीत जमा झाला.

यावर कुणी म्हणेल, धनी कुठल्या धंद्यात नसतो? गवयाला होता, पहिलवानाला होता. शाहू महाराजांनी कुस्ती पोसली म्हणून कोल्हापूर घडले. अगदी खरे. माझी तक्रार धन्याविरुद्ध नाही. धनी नसला तर काय होते याचा पुरावा ब्रिटनमध्येच आहे. बेरिल बर्टन ही यॉर्कशायरची बाई सात वेळा जगज्जेती झाली, पाच वेळा ट्रॅकवर परस्यूटमध्ये आणि दोन वेळा रस्त्यावर. १९६७ मध्ये बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल कापले. त्या दिवशीचा पुरुषांचा विक्रमही त्याहून कमी होता. पुरुषांत पुढे असलेल्या माइक मॅकनमाराला मागे टाकताना तिने त्याला खिशातली गोळी देऊ केली, ही गोष्ट इंग्लंडात अजून सांगतात. हीच बाई रुबार्बच्या शेतात मजुरी करायची. शेवटपर्यंत हौशीच राहिली. तिच्या काळी स्त्रियांच्या सायकलिंगला कुठलाच धनी नव्हता. वरच्या दर्जाच्या स्त्री-संघांना किमान वेतन लागू झाले ते २०२० मध्ये, वर्षाला १५ हजार युरो. बर्टनच्या साधेपणाचे कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. मला ते कौतुक करवत नाही.

आणि हे वाचताना आपल्याकडचे चेहरे आठवतात. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. पराक्रम मोठा आहे, यात वाद नाही. पण यादी नीट पाहा: डॉक्टर, डॉक्टर, लष्करी अधिकारी, डॉक्टर. महाराष्ट्राच्या सायकलिंगचे सगळ्यात परिचित चेहरे दुसऱ्या व्यवसायावर जगणारे आहेत. ज्याच्या घरी उत्पन्नाची सोय आहे, त्यालाच या खेळात मोठे होता येते, असा याचा अर्थ.

ज्याच्या घरी सोय नाही, त्याच्यासाठी आपण फक्त दुसरा धनी ठेवला आहे. दिल्लीच्या वेलोड्रोममध्ये मणिपूर-अंदमानची मुले घडली. २०१९ मध्ये ईसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि त्यांच्या साथीदारांनी कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण आणले, २०२२ मध्ये रोनाल्डोने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्य. ब्रिटनचाच कित्ता: ट्रॅक, मोजता येणारी शर्यत, पदक. त्यातून काही पदके येतीलही. १९६४ च्या टोकियोनंतर ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीत भारतीय दिसलेला नाही, तो दुष्काळही संपेल. पण ट्रॅकवरून उतरलेल्या मुलाने जायचे कुठे? ब्रिटनच्या मुलापुढे रस्त्यावरचा धंदा होता, बुडता का होईना. आपल्या मुलापुढे रेल्वे किंवा सैन्यदल, नाहीतर राज्य सरकारी नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण. सांगली-कोल्हापूरकडच्या, पुणे-नाशिकच्या कुठल्याही सायकलवाल्या पोराच्या बापाला विचारा, तो पदकाबद्दल बोलणार नाही. प्रमाणपत्र कोणत्या दर्जाचे आहे, नोकरीला चालते का, एवढेच विचारेल. बाप चुकत नाही. नोकरी लागली की सायकल भिंतीला लागते. ज्या वयात विगिन्स टूर जिंकला, म्हणजे बत्तिसाव्या वर्षी, त्या वयाचा आपला गडी हजेरीपत्रकावर सह्या करत असतो.

मुंबई–पुणे शर्यत खंडाळ्याचा घाट चढते, वर पोचणाऱ्या पहिल्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने परदेशी संघ पुणे जिल्ह्यातल्या घाटांत आले, त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. म्हणजे घाट आहे, बघणारा आहे, चढणारा आहे. उणीव आहे ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांची. मोठी स्पर्धा भरवणे सोपे. ती उत्सवासारखी भरते, फलक लागतात, मंडप उठतो. पंचवीस पोरांना बारा महिने पगार देणारे तीन-चार संघ उभे करणे कंटाळवाणे काम आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. आपल्या सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने क्रिकेटच्या चषकांना आणि दहीहंडीला पैसा देतात. फ्रान्समध्ये शेतकी बँकेने सायकलचा संघ पोसला होता, हे त्यांच्या एखाद्या अध्यक्षाच्या कानावर घालायला हवे. बेल्जियमच्या एखाद्या छोट्या संघाइतका खर्च म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या संस्थेला अशक्य रक्कम नव्हे.

असा संघ निघाला तर त्यातून टूर-विजेता निघेल, असे मी म्हणत नाही. बहुतेक नाहीच निघणार. बाटल्या आणणारे गडी निघतील, शंभराच्या पलीकडे येणारे. पहिली वीस वर्षे तेवढे पुरेत. ब्रिटनच्या पदकांकडे बघून वेलोड्रोम बांधण्याची मागणी करणाऱ्या संघटकांना माझे एवढेच सांगणे आहे: पुढच्या मागणीपत्रात वेलोड्रोम दुसऱ्या क्रमांकावर टाका, आणि पहिल्या क्रमांकावर लिहा, घाटाच्या राजाला दुसऱ्या दिवसापासून दरमहा पगार.